सिंधुदुर्ग : लोकसंख्या आणि कारभार

(द्वितीय वर्ष कला)

जिल्ह्यात माणसे किती आणि त्यांचा कारभार कसा चालतो, हे दोन प्रश्न आपण परीक्षेपुरते पाठ करतो व विसरतो. आपल्या सिंधुदुर्गाच्या बाबतीत मात्र हे दोन्ही प्रश्न एकमेकांत इतके गुंतले आहेत की एकाचे उत्तर दुसऱ्यावाचून देता येत नाही.

पूर्वी हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. १९४८ मध्ये विलीन झालेले सावंतवाडी संस्थानही त्यातच आले. जिल्हा उत्तर-दक्षिण लांबच लांब. त्यामुळे दक्षिणेकडच्या माणसाला कचेरीतले एक काम म्हणजे मुक्कामाची तयारी. १ मे १९८१ रोजी दक्षिणेकडील तालुके वेगळे काढून नवा जिल्हा झाला. मालवणच्या समुद्रातील शिवछत्रपतींच्या किल्ल्याचे नाव त्याला मिळाले. मुख्यालयासाठी ओरोस निवडले गेले. तेच आजचे सिंधुदुर्गनगरी. पुढे सावंतवाडीतून दोडामार्ग वेगळा झाला. आज देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी व दोडामार्ग असे ८ तालुके आहेत.

कारभाराच्या दोन शिड्या आहेत. एक महसुलाची : जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि तलाठी. दुसरी लोकांनी निवडून द्यायची : ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. जमिनीचे काम पहिल्या शिडीवर. गावचे पाणी, दिवाबत्ती, प्राथमिक शाळा दुसऱ्या शिडीवर.

आता लोकसंख्या पाहू. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसे होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना येथे १९ हजारांहून अधिक माणसे कमी झाली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १०३६. राज्यात हेच प्रमाण ९२९. याचे मोठे कारण आपल्या प्रत्येक वाडीला ठाऊक आहे. कमावता पुरुष मुंबईला. आधी गिरण्यांत, गिरण्या बंद पडल्यावर मिळेल त्या कामात. घर आणि शेती बायकांनी व म्हाताऱ्यांनी सांभाळायची.

जनगणना माणूस जिथे राहतो तिथे त्याला मोजते. सातबारा मात्र जमीन जिथे आहे तिथे त्याचे नाव धरून ठेवतो. येथेच खरी अडचण आहे. आमच्या सातबाऱ्यावर १७ नावे आहेत. गावात राहतात ३. चौघे हयात नाहीत, पण नावे तशीच. बाकीचे १० मुंबई-ठाण्याकडे. बाबांना सरकारी योजनेतून काजूची कलमे लावायची होती. सर्व हिस्सेदारांची संमती हवी होती. दोन पावसाळे त्यातच गेले. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, तेव्हा अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि ‘वारसनोंद’, ‘फेरफार’ हे शब्द मी वर्गाबाहेर शिकलो.

रीत तशी सोपी आहे. खातेदार वारल्यावर ३ महिन्यांच्या आत वारसांनी तलाठ्याला कळवायचे. मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची नावे द्यायची. तलाठी फेरफार वहीत नोंद करतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो व मग सातबारा बदलतो. पण हे कळवायचे कोणी? गावातल्याला वाटते मुंबईकर पाहतील, मुंबईकराला वाटते गावातले पाहतील. एक पिढी अशी गेली की वारसांना पुन्हा वारस येतात आणि ४ नावांची २० होतात. जमीन पडून राहते, आणि पडीक जमिनीच्या गावातून आणखी एक मुलगा मुंबईची गाडी धरतो. माणसे गेल्याने कागद अडतो आणि कागद अडल्याने माणसे जातात, असा हा फेरा आहे.

तो तोडणे केवळ कचेरीच्या हाती नाही. गणेशचतुर्थीला सारे चाकरमानी गावी येतात. त्या चार दिवसांत अख्खा सातबारा एका पंगतीला जेवायला बसलेला असतो. मित्रहो, आपण लिहिता-वाचता येणारी मुले आहोत. आरती आटोपल्यावर प्रत्येकाने आपल्या घरचा उतारा काढून मोठ्यांसमोर वाचावा, गेलेल्यांची यादी करावी आणि अर्जावर सह्या घ्याव्यात. गाडी सुटल्यावर त्या पुन्हा वर्षभर मिळत नाहीत.