गॉथिक कादंबरीतील सदसद्‌द्वंद्व आणि कोल्हासुराची कथा

करवीरक्षेत्राच्या माहात्म्यकथेनुसार महालक्ष्मीच्या हातून मरण पावताना कोल्हासुराने जीवदान मागितले नाही. या क्षेत्रास आपले नाव मिळावे एवढाच वर मागितला, व देवीने तो दिला. कोल्हापूर या नावाच्या अन्य व्युत्पत्तीही सांगितल्या जातात. परंतु येथे प्रश्न व्युत्पत्तीचा नाही. आश्विन शुद्ध पंचमीस त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोल्हासुराचे प्रतीक म्हणून कोहळा फोडतात. असुर दरवर्षी मारला जातो आणि नगर त्याचेच नाव मिरवीत राहते.

इंग्रजी गॉथिक कादंबरीकडे मराठी वाचक बहुधा असुरवधाचा संस्कार घेऊनच वळतो. मात्र त्यातील हा वर तो विसरतो. दुष्ट तो बाहेरचा, त्याचे निर्दालन झाले की कथा संपली, अशी त्याची धारणा असते. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या समर्थकथांनी ती दृढच केली. होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’स (१७६४) ती काही अंशी लागूही पडते. मॅनफ्रेड जुलमी आहे. आजोबाने विषप्रयोग करून बळकावलेली गादी तो भोगीत आहे. तथापि अजाणता स्वतःच्याच कन्येची हत्या घडल्यावर तो सत्ता सोडून मठवास पत्करतो. त्याचा वध कोणी करीत नाही.

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील (१८१८) निर्मित जीव आरंभी स्नेहाचा भुकेला असतो, तिरस्कार पदरी पडल्यावर तो क्रूर होतो. त्या निनावी जीवाला लोक निर्मात्याचेच नाव देतात. ही चूक खरी. पण कोल्हापूरच्या वाचकास तरी ती अगदीच अर्थशून्य वाटू नये.

खरी गफलत होते ती स्टीव्हन्सनच्या ‘जेकिल आणि हाइड’संबंधी (१८८६). जेकिल म्हणजे सत् आणि हाइड म्हणजे असत्, असे सर्रास शिकविले जाते. वस्तुतः औषधाने निर्माण होतो तो केवळ हाइड. जेकिल पूर्वी होता तसाच, भल्याबुऱ्याचे मिश्रण, राहतो. शुद्ध सज्जन असा कोणी निर्माणच होत नाही. त्याच्या वास्तूलाही दोन दारे आहेत: एक संपन्न व प्रतिष्ठित, दुसरे मागल्या गल्लीतले, रंग उडालेले. ती एकाच घराची आहेत हे प्रथम ध्यानातही येत नाही. पुढे औषधाचा गुण येईनासा होतो. नवा क्षार भेसळीचा असावा असे जेकिलला प्रथम वाटते. शेवटी उमगते ते उलटेच. पहिलाच क्षार अशुद्ध होता, आणि त्या अशुद्धतेतच त्याचे सामर्थ्य होते.

मारणारा व मरणारा वेगळे असतील तरच असुरवध संभवतो. स्टीव्हन्सनच्या कथेत दार फोडून आत गेलेल्यांना हाइडचे प्रेत सापडते, अंगावर जेकिलच्या मापाचे ढगळ कपडे. जेकिल कोठेच नसतो. मेजावर त्याचे नवे मृत्युपत्र असते, आणि वारस म्हणून पूर्वी लिहिलेले हाइडचे नाव त्यातून वगळलेले असते.