गुड-सन? अहो, जावईबापू!

लग्नानंतर एडिंबराला आले आणि सासूबाईंच्या 'रूट्स'च्या शोधात मीही अडकले. घरच्या जुन्या बायबलमध्ये एका म्हाताऱ्याचं नुसतं पहिलं नाव आणि सासूबाईंचे पणजोबा त्याचे 'गुड-सन'. गुणी मुलगा, आम्ही ठरवूनच टाकलं! वर्षभर पणजोबांच्या आडनावाखाली म्हातारबुवांना शोधलं. पत्ता नाही!

मग पणजीच्या मृत्यूचा दाखला काढला. स्कॉटलंडमध्ये 1855 पासून सक्तीची नोंदणी; दाखल्यावर आई-वडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. वडिलांच्या रकान्यात म्हातारबुवा हजर! स्कॉट्स भाषेत 'गुड-सन' म्हणजे चक्क जावई.

सासूबाई मात्र शेजारच्या आईच्या नावावर बोट ठेवून गप्प. या बाईचं नाव घरात कुणी कधी घेतलंच नव्हतं. म्हणून सांगते, आधी बायकांची माहेरं शोधा!