विश्लेषण : रोबोटच्या काळात माणसे ‘जास्त’ झाली आहेत का? पिंपरी-चाकणचा अनुभव काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानुसार जगाची लोकसंख्या १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ८०० कोटींवर पोहोचली. पुढच्याच वर्षी भारताने चीनला मागे टाकले. याच काळात कारखान्यांतले रोबोटही वाढत होते. कामच उरणार नसेल तर एवढ्या माणसांचे करायचे काय, हा प्रश्न आता अर्थतज्ज्ञांपुरता राहिलेला नाही. भोसरी, चिखली, चाकणमध्ये आयटीआय झालेला मुलगा ज्या घरात आहे, त्या घरातही तो विचारला जातो. या पट्ट्यात त्याचे निम्मे उत्तर वीस वर्षांपूर्वीच मिळाले आहे.

कामगार निम्मे, गाड्या दुप्पट. हे कधी घडले?

अर्थतज्ज्ञ अमित भादुरी यांनी भारताच्या वाढीवर टीका करताना पुण्यातल्या दोन कंपन्यांचे आकडे दिले होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बजाजच्या पुण्यातील कारखान्यात २४ हजार कामगार वर्षाला १० लाख दुचाकी बनवत. २००४ मध्ये साडेदहा हजार कामगार २४ लाख दुचाकी बनवू लागले. म्हणजे माणशी ४२ गाड्यांवरून माणशी सुमारे २२९ गाड्या. जपानी रोबोट आणि भारतीय संगणकप्रणाली यांचा हा परिणाम. टाटा मोटर्समध्ये १९९९ ते २००४ या पाच वर्षांत कामगार ३५ हजारांवरून २१ हजारांवर आले, तर वाहने १ लाख २९ हजारांवरून ३ लाख ११ हजार ५०० वर गेली.

मात्र सगळे श्रेय (किंवा दोष) रोबोटला देणे चूक ठरेल. पूर्वी कारखान्याच्या आतच बनणारे अनेक सुटे भाग बाहेरच्या पुरवठादारांकडून घेण्याची पद्धत वाहन उद्योगात याच काळात रुजली. भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये तोच भाग बनवणारा हात मोठ्या कंपनीच्या हजेरीपटावर दिसत नाही. जुन्या कारखान्यातला कामगार मात्र खरोखरच बाहेर पडला. बजाजने आकुर्डीतले उत्पादन सप्टेंबर २००७ मध्ये थांबवले, तेव्हा सुमारे २,७०० कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय ठेवला गेला. कंपनीचा चाकणचा नवा कारखाना तोवर जोमात होता.

मग शहर रिकामे का झाले नाही?

उलटेच घडले. २००१ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १० लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती १७ लाख २७ हजार झाली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पाणी-कचऱ्याचे नियोजन करताना अधिकृत आधार म्हणून आजही हाच जुना आकडा हाताशी असतो. मोठ्या कारखान्यांत माणसे घटत असताना शहरात माणसे येत राहिली. कारण काम संपले नव्हते, त्याची जागा बदलली होती. चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र आले, त्यांच्यामागे पुरवठादार आले. हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या बांधायला मजूर लागले, मजुरांना खोल्या आणि खानावळी लागल्या, माल हलवायला ट्रक लागले.

खरी घसरण झाली ती नोकरीच्या दर्जात. कायम कामगाराची जागा ठेकेदाराचा कामगार, ‘ट्रेनी’ किंवा शिकाऊ उमेदवार यांनी घेतली. वार्षिक उद्योग पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये देशातील कारखान्यांतील कामगारांपैकी ४० टक्क्यांहून अधिक कंत्राटी होते. आकुर्डीतून निवृत्त झालेल्या वडिलांनी त्या पगारावर प्राधिकरणात घर बांधले असेल. मुलाला बारा तासांची पाळी करूनही दर काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो. लोकसंख्या जास्त आहे, असे या मुलाला वाटणे साहजिक आहे. गेटवर रांग लांब आहे, हे तो रोज पाहतो.

रोबोटला काय जमते, काय जमत नाही?

गाडीच्या सांगाड्याचे वेल्डिंग आणि रंगकाम ही रोबोटची हक्काची कामे. तापमान, धूर आणि तीच ती हालचाल, यांचा त्याला त्रास नसतो. पण वायरिंगचे मऊ जुडगे नेमक्या खाचेत बसवणे, डॅशबोर्ड आत सरकवणे, बारीक तपासणी यांसाठी अजून माणसाचाच हात लागतो. बजाजने २०१० नंतर माणसाशेजारी उभे राहून काम करणारे छोटे ‘कोबोट’ आणले. त्यामुळे अंगमेहनत कमी झाली. चाकणच्या असेंब्ली लाइनवर महिला कामगारही आहेत.

जिथे रोबोट जास्त, तिथे माणसे जास्त आहेत का?

नाही. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये दक्षिण कोरियात दर १० हजार कारखाना-कामगारांमागे १,०१२ रोबोट होते. त्याच वर्षी तिथला एकूण जननदर ०.७२ होता, म्हणजे सरासरी एका स्त्रीमागे एक मूलही नाही. डॅरन असेमोग्लू आणि पास्क्वाल रेस्ट्रेपो यांच्या संशोधनानुसार ज्या देशांत मध्यमवयीन कामगार कमी पडू लागतात, तिथे रोबोट वेगाने येतात. भारतात २०२३ मध्ये ८,५१० रोबोट बसवले गेले, चीनमध्ये पावणेतीन लाखांहून अधिक. भारतातला रोबोट माणसांच्या टंचाईमुळे आलेला नाही. निर्यातीच्या दर्जासाठी, सारख्या वेल्डसाठी आणि वेतनकरारांच्या कटकटीतून सुटका म्हणूनही तो आणला जातो.

शिवाय महाराष्ट्रात मुलेही आता कमी होत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) राज्याचा जननदर १.७ निघाला, लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र काढले तेव्हा त्यांना हेटाळणी सोसावी लागली. आता आणखी काही दशकांनी प्रश्न उलटा असेल : पेन्शन आणि दवाखान्याचा खर्च उचलणारे तरुण पुरेसे आहेत का?

‘जास्त’ नेमके कोण?

स्थानिकाला परप्रांतीय जास्त वाटतो, मराठवाड्यातून आलेल्याला गेटवरचा दुसरा उमेदवार. २०२० च्या टाळेबंदीत हेच ‘जास्त’ वाटणारे लोक श्रमिक रेल्वेने आणि पायी गावी गेले, तेव्हा कारखाने पुन्हा सुरू करताना मनुष्यबळाची चणचण भासली.

माल्थसने १७९८ मध्ये लोकसंख्येची तुलना धान्याशी केली होती. आज धान्य आहे, गाड्याही आहेत. अडचण अशी की माणसाचा वाटा मिळतो तो पगारातूनच, आणि यंत्राने वाढवलेले उत्पन्न पगारात उतरेलच याची हमी नाही. या मुद्द्यावर चाकणमध्ये एक वेगळी मागणी होऊन गेली आहे. २५ जून २०१३ रोजी बजाजच्या चाकण कारखान्यात संप सुरू झाला. इतर मागण्यांबरोबर संघटनेने प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० समभाग एक रुपया दराने मागितले होते. तेव्हा अनेकांनी त्याची थट्टा केली. व्यवस्थापनाने मागणी फेटाळली आणि ५० दिवसांनी संप मागे घेण्यात आला.