हिशेब झाडांचा आणि झाडांखालचा

जंगल आणि कार्बन : लेखांक ७

तुटलेलं जंगल उपग्रहावरून कसं मोजतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आकडे हाती आले की देशांची क्रमवारी लावायचा मोह होतो. पण ब्राझील आणि इंडोनेशिया शेजारी मांडले, तर नुसत्या क्षेत्रफळावर भागत नाही.

ब्राझीलची अवकाश संशोधन संस्था ‘इन्पे’ ॲमेझॉनमधली तोड १९८८पासून दरवर्षी मोजते. २००४मध्ये ती सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर होती, २०१२मध्ये ४,६००वर आली. मरीना सिल्वा पर्यावरणमंत्री असताना आखलेला कृती आराखडा, नव्याने तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन न घेण्याचा २००६चा व्यापाऱ्यांचा करार, बेकायदा तोड करणाऱ्यांचं रोखलेलं कर्ज, हे सगळं एकत्र लागू पडलं. २०२१मध्ये आकडा पुन्हा १३,०००वर चढला, २०२४मध्ये ६,३००पर्यंत उतरला. तिथला कार्बन मुख्यतः उभ्या झाडांत असतो. त्यामुळे तोड घटली की उत्सर्जनही लगोलग घटतं.

त्याच २०१२मध्ये इंडोनेशियाने सुमारे ८,४०० चौरस किलोमीटर मूळ जंगल गमावलं, म्हणजे ब्राझीलच्या ॲमेझॉनमधल्या तोडीच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय सुमात्रा आणि कालिमंतानमधल्या कित्येक जंगलांच्या खाली पीट आहे: पाण्यात बुडून हजारो वर्षं न कुजलेला पालापाचोळा, काही ठिकाणी १० मीटरहून जाड. लोणच्याचा खार आटून फोडी उघड्या पडल्या की बुरशी धरते, तसंच इथे होतं. चर खणून पाणी काढलं की हवा आत शिरते, पीट कुजू लागतं आणि कोरडं पडलं की पेटतं.

इंडोनेशियाचे तत्कालीन अध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने १९९०च्या दशकाच्या मध्यात मध्य कालिमंतानमध्ये दहा लाख हेक्टरांवर भात पिकवायचा घाट घातला. चार हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे कालवे खणले. भात पिकलाच नाही. १९९७च्या एल निन्योच्या दुष्काळात मात्र ती सुकलेली जमीन महिनोन्‌महिने धुमसत राहिली. त्या वर्षी इंडोनेशियातल्या पीट आणि जंगलांच्या आगींतून ८१ कोटी ते २५७ कोटी टन कार्बन हवेत गेला, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. २०१५मध्ये पुन्हा २६ लाख हेक्टर जळाले.

आगी बातम्यांत तरी येतात. मला जास्त धास्ती वाटते ती न पेटता चालणाऱ्या कुजण्याची. ॲमेझॉनमधलं हेक्टरभर जंगल जाळलं तर ढोबळमानाने ५०० टन कार्बन डायऑक्साइड एकदाच निघतो. निचरा केलेल्या पीटवरची पामची बाग हेक्टरी सुमारे ४० टन सोडते, तोही दरवर्षी. बागेचं आयुष्य २५ वर्षं धरा: हजार टन झाले, आणि त्यात मूळ झाडांचा कार्बन धरलेलाच नाही. अशा जमिनीवर नवी तोड शून्यावर आली तरी जुनी गळती सुरूच राहते. ती थांबवायला कालव्यांना बांध घालून पाणी पुन्हा वर आणावं लागतं. इंडोनेशियाने २०१६मध्ये त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. २०२४अखेरपर्यंत चाललेलं तिचं काम संथ होतं, पण दिशा योग्य होती.

पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार भारत आहे आणि त्याचा मोठा वाटा इंडोनेशियातून येतो. २०२२च्या दिवाळीत महाराष्ट्रात शंभर रुपयांत मिळालेल्या ‘आनंदाचा शिधा’मध्येही लिटरभर पामतेल होतंच. पीटचं उत्सर्जन मात्र पूर्णपणे इंडोनेशियाच्या खात्यावर चढतं. तेल खाणाऱ्या देशाच्या नावावर ते कसं मांडता येईल, ते पुढच्या लेखांकात.