बाळाला पाणी कधी पाजायचं?

मंडळी, वसईचा दमट उकाडा तुम्हाला सांगायला नको. होळीच्या बाजारातून घरी आलं की आपण आधी पाणी पितो. मग पाळण्याकडे बघून आजी म्हणते, "अगं, त्यालाही दोन चमचे पाज. घसा सुकला असेल." माया खरी आहे. पण बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर पाणी देऊ नका.

का? आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. उकाड्यात बाळाला जास्त वेळा अंगावर घ्या, तहान भागते. इवलंसं पोट पाण्याने भरलं की बाळ दूध कमी ओढतं, आणि ओढणं कमी झालं की आईला दूधही कमी येतं. पाणी दूषित असेल तर जुलाब. शिवाय कोवळ्या मूत्रपिंडांना जास्तीचं पाणी झेपत नाही. रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. म्हणूनच पावडरचं दूधही डब्यावरच्या मापापेक्षा पातळ करायचं नाही.

आता तुम्ही विचाराल, दूध पुरतंय हे कळणार कसं? दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची शू होत असेल तर पुरतंय. शू कमी झाली, बाळ मलूल वाटलं, तर घरगुती उपाय नकोत. लगेच डॉक्टरांकडे जा.

सहा महिने पूर्ण झाले, वरचं खाणं सुरू झालं, की उकळून गार केलेलं पाणी वाटी-चमच्याने द्या. वर्षाचं होईपर्यंत दिवसाला अर्धा ते एक कप पुरे.

आजीला हे नक्की सांगा. पण प्रेमाने!