ऐकतो कान, समजतो मेंदू



बैठकीत कोणी म्हणालं, "मंगळवारी हप्ता घेऊन या," की आपल्याला लगेच कळतं. त्यासाठी काही कष्ट पडले असं वाटतही नाही. पण कानात शिरलेला आवाज आणि मनात उमटलेला अर्थ यांच्यामध्ये बरंच काम होतं. ते काम मेंदू करतो. ते कसं चालतं हे माहीत असेल, तर घरातल्या कोणाचं बोलणं अचानक बिघडलं तेव्हा आपण वेळेत धावू शकतो. म्हणून हा लेख.

कानाचं काम कुठे संपतं?

आपण बोललो की हवा थरथरते. ती थरथर कानाच्या पडद्यावर येते. पडद्यामागे तीन चिमुकली हाडं आहेत. ती ही थरथर आतल्या, गोगलगाईच्या शंखासारख्या भागात पोचवतात. तिथे पाण्यासारखा द्रव असतो आणि बारीक केस असलेल्या सुमारे १५ हजार पेशी असतात. या पेशींमुळे थरथरीचे विजेसारखे इशारे बनतात आणि नसेवाटे मेंदूत जातात. कानाचं काम इथे संपलं. पण "मंगळवार" अजून कळलेला नाही!

आवाजातून शब्द, शब्दातून अर्थ

साधं बोलतानाही एका सेकंदात दहा-पंधरा ध्वनी बाहेर पडतात आणि दोन शब्दांच्या मध्ये बहुतेक वेळा फट नसते. अनोळखी भाषा ऐकून बघा, सगळं एकाच दोरीत ओवल्यासारखं वाटतं. मराठीत शब्द सुटे वाटतात, कारण आपला मेंदू ओळखीचे शब्द पकडून ते वेगळे करतो.

"काल" आणि "काळ" यांतला फरक आपल्याला सहज ऐकू येतो, कारण मेंदू तो लहानपणीच शिकलेला असतो. कॅनडात जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या बाळांना त्यांनी हिंदीतले "त" आणि "ट" ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता. वर्षाची होत आली तेव्हा बहुतेकांना तो कळेनासा झाला, कारण घरात तो फरक कानावर पडतच नव्हता. म्हणजे आजूबाजूच्या बोलण्यावरून बाळाचा मेंदू तयार होत असतो.

शब्द ओळखला की मेंदू मागचं-पुढचं बघून अर्थ लावतो. "गुरं माळावर सोडली" आणि "गळ्यात माळ घातली" यांत आपला गोंधळ होत नाही. पुढे काय येणार याचा अंदाजही मेंदू बांधत असतो. "आईने वरणाला लसणाची चप्पल दिली" हे वाचून तुम्ही थबकलात ना? असा न जुळणारा शब्द आला की अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूतल्या विजेच्या लहरी बदलतात. यंत्रावर ते दिसतं.

मेंदूचा तो भाग दुखावला तर?

१८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे एक रुग्ण आला. त्याला समोरच्याचं बरंचसं कळत होतं, पण तोंडातून जवळजवळ "तान" एवढाच आवाज निघे. तो गेल्यावर मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला आढळला. १८७४ मध्ये जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी वेगळ्या रुग्णांबद्दल लिहिलं. ते भराभर बोलत, पण बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचं बोलणंही त्यांना नीट कळत नसे. त्यांना ऐकू येत होतं. बिघाड डाव्या बाजूलाच, पण मागच्या भागात, कानाच्या जवळपास होता. आता माहीत आहे की हे काम या दोनच जागी नाही, मेंदूच्या अनेक भागांत मिळून चालतं, आणि बहुतेक माणसांत मुख्यतः डाव्या बाजूला.

या त्रासाला वाचाघात म्हणतात. तो बहुतेक वेळा पक्षाघाताने होतो. आपल्याकडे "अंगावरून वारं गेलं" म्हणतात, तोच. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणून बोलण्याबरोबर उजवा हातपायही लुळा पडू शकतो. पण कधी कधी हातपाय ठीक असतात, फक्त बोलणं बिघडतं. मग घरचे म्हणतात, "डोक्यावर परिणाम झाला," "बाहेरचं काहीतरी आहे." आणि वेळ जातो.

अशा वेळी काय कराल?

१. हसायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडं होतं का?
२. दोन्ही हात वर धरायला सांगा. एक खाली येतो का?
३. एखादं सोपं वाक्य म्हणायला सांगा. शब्द अडखळतात, भलतेच येतात का?
४. हातवारे न करता सांगा, "डोळे मिटा." खूण केली तर माणूस नुसतं बघूनही तसं करतो. मग त्याला शब्द कळला की नाही ते समजत नाही.

यातलं एकही अचानक दिसलं तर १०८ ला फोन करा. माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. गुठळी असेल तर ती विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते देता येईल का हे स्कॅन करूनच ठरतं. पाणी किंवा खायला देऊ नका, ठसका लागू शकतो. मनाने गोळी देऊ नका. दहा मिनिटांत बरं वाटलं तरी दाखवायला न्याच. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

नंतर घरात आणि गटात

वाचाघात झाला म्हणजे अक्कल गेली असं नाही. ओरडून बोलू नका, कान बहिरे झालेले नसतात. समोर बसा, टीव्ही बंद करा, छोटी वाक्यं बोला, एका वेळी एकच गोष्ट विचारा. वस्तू दाखवा, खुणा करा. उत्तराला वेळ द्या, तिचं वाक्य आपण पुरं करू नका. वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञाबद्दल रुग्णालयात विचारा. सरावाने बऱ्याच जणांचं बोलणं सुधारतं.

आपल्या गटातल्या एखाद्या बहिणीवर अशी वेळ आली, तर तिचं नाव कमी करायची घाई करू नका. आणि तिला व्यवहार समजला आहे याची खात्री झाल्याशिवाय कुठल्याही कागदावर तिची सही-अंगठा घेऊ नका, कोणाला घेऊही देऊ नका. रकमा लिहून, नोटा मांडून, "हो-नाही" विचारून समजावता येतं.

बीपी आणि साखर वेळच्या वेळी तपासा, चालू गोळ्या मनाने बंद करू नका, मिश्री-तंबाखू सोडा. पुढच्या बैठकीत वरच्या चार खुणा मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही त्या पोचल्या पाहिजेत.