जुन्या मोटारीची खासगी विक्री : कागदपत्रे आणि कर

वाहनाचा ताबा आणि किंमत यांची देवाणघेवाण झाली, तरी परिवहन कार्यालयाच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत कायदा मूळ विक्रेत्यालाच मालक मानतो. अपघाताच्या भरपाईचे दायित्वही त्याच्यावर येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची सूचना, म्हणजेच नमुना २९, विक्रेत्याने १४ दिवसांत द्यावयाची असून, मालकी हस्तांतरणाचा नमुना ३० मधील अर्ज खरेदीदाराने ३० दिवसांत करावयाचा असतो. वाहन परराज्यात जाणार असल्यास नमुना २८ द्वारे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते, तर कर्ज फिटले असल्यास वित्तसंस्थेचा बोजा नमुना ३५ द्वारे नोंदणीतून उतरवावा लागतो. विमापत्रावरील नाव बदलण्यासाठी खरेदीदाराने १४ दिवसांत विमा कंपनीला कळविणे आवश्यक असते.

वैयक्तिक वापराची मोटार आयकर कायद्यानुसार ‘भांडवली मालमत्ता’, म्हणजे विक्रीतील नफ्यावर कर लागणारी मालमत्ता, ठरत नसल्याने असा नफा करमुक्त राहतो. मात्र व्यवसायात घसारा, म्हणजे मूल्यातील वार्षिक घटीची वजावट, घेतलेल्या मोटारीला ही सवलत नाही. वस्तू व सेवा कराखाली नोंदणी नसलेल्या व्यक्तीला आपली मोटार विकताना तो करही भरावा लागत नाही. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास मनाई असल्याने मोबदला बँकेमार्फतच घ्यावा, आणि नोंदणी प्रमाणपत्रावर नवे नाव आल्याची खात्री विक्रेत्याने स्वतः करून घ्यावी.